लेकराची माय कोठे आहे?

लातूरच्या बसस्थानकावर सकाळी सात वाजता एक मध्यमवयीन गृहस्थ आठ महिन्यांचे मूल खांद्यावर घेऊन नांदेडच्या गाडीची वाट पाहत उभा असेल, तर त्यात कोणी थबकून पाहावे असे काही नाही. निदान नसावे. पण गेल्या वर्षी मार्च महिन्यातील एका शनिवारी प्रस्तुत लेखक तसा उभा होता, तेव्हा गाडी लागेपर्यंतच्या वीस मिनिटांत चार निरनिराळ्या माणसांनी त्यास एकच प्रश्न विचारला : "लेकराची माय कुठंय?" चहावाल्याने विचारला तो सहज. एका आजीबाईंनी विचारला तो कळवळ्याने. बाई बाळंतपणात गेली की काय, ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. एका तरुणाने विचारला तो संशयाने, आणि मूल रडू लागताच त्याचा संशय बळावला. चौथा प्रश्न वाहकाचा. लेकराची माय शिक्षिका आहे आणि ती शाळेला गेली आहे, हे उत्तर खरे असूनही त्याने कोणाचेच समाधान झाले नाही.

आमची स्थिती मराठवाड्यातील पुष्कळ नोकरदार कुटुंबांची आहे, म्हणून ती सांगण्यास संकोच वाटत नाही. पत्नी चाकूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत आहे व लातूरला माहेरी राहते. मी नांदेडच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवितो. मध्ये सुमारे १४० किलोमीटरांचे अंतर. रेल्वेने जावे तर परळी, परभणी, पूर्णा असा वळसा पडतो, म्हणून एस.टी. हाच आधार. बदल्यांच्या परिभाषेत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ असा एक भारदस्त शब्द आहे. परंतु आंतरजिल्हा बदलीसाठी समोरच्या जिल्ह्यात पद रिक्त असावे लागते, आणि ती झालीच तर नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळापासून मोजली जाते. अर्ज केलेला आहे. तोवर शनिवारी शाळा सुटली की नांदेड सोडावयाचे आणि सोमवारी पहाटेच्या पहिल्या गाडीने परतावयाचे, हा क्रम. मुलगी मला ओळखू लागली ती शनिवारचा माणूस म्हणून.

त्या शनिवारी मात्र प्रवास उलट दिशेने होता. जानेवारीत आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेडच्या घरी न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण अंथरूण सुटेना. नातीला त्यांनी बारशाला लांबून पाहिले होते, तेवढेच. पत्नीची १८० दिवसांची प्रसूती रजा संपून दोन महिने झाले होते व शिल्लक नैमित्तिक रजा ती मुलीच्या आजारपणासाठी राखून होती. तेव्हा मीच मुलीला घेऊन जावे, रविवारी परत आणावे, असे ठरले. सासूबाईंनी पिशवी भरली. दुपटी, झबली, कुंची, नाचणीचे सत्त्व, मऊ भाताचा डबा, उकळून गार केलेले पाणी, गुटीची बाटली. पिशवीचे वजन मुलीपेक्षा अधिक भरले असते.

वाहकाने तिकिटे फाडताना एक गंमत ध्यानात आली. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. पाच वर्षांखालील मुलाला तिकीटच नाही. म्हणजे हेच मूल आईने नेले असते तर अर्ध्या भाड्यात काम झाले असते. बापाने नेले म्हणून पूर्ण पडले. ही तक्रार नव्हे. त्या सवलतीमुळे आमच्या शाळेतील कितीतरी मुलींच्या आया आता पालकसभेला येऊ लागल्या आहेत, आणि ते भाडे मी आनंदाने भरीन.

गाडी सुरू झाली आणि मुलगी झोपली. तेव्हा अण्णांचा विचार मनात आला. माझा जन्म लोहा तालुक्यातील एका खेड्यात, आजोबांच्या एकत्र कुटुंबात झाला. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर आपले मूल उचलून घेणे हा निर्लज्जपणा मानला जाई. मूल रडून रडून निळे पडले तरी बापाने ओसरीवरून उठावयाचे नाही. भावाच्या मुलाला खुशाल खेळवावे, आपल्या नव्हे. आज हे ऐकून विद्यार्थी हसतात. वस्तुतः त्या संकोचामागे एक शहाणपण होते, हे मान्य करावयास हवे. एका छपराखाली आठ-दहा पोरे वाढत असता ज्याने त्याने आपलेच उचलले, तर घरात आपले-परके सुरू होण्यास वेळ लागत नाही. पण पुढे घरे वेगळी झाली, पोरे एकदोनच राहिली, ओसरीवर बसणारे आजोबाही गेले. संकोच मात्र बापांच्या हातांत तसाच राहिला. अण्णांनी माझी फी भरली, मला सायकल घेऊन दिली, तापात रात्रभर दाराशी बसून राहिले. कडेवर घेतल्याचे मला स्मरत नाही.

माझेही बहुधा तसेच झाले असते. मुलगी दिवस भरण्यापूर्वी पाच आठवडे जन्मली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. पत्नीचा रक्तदाब उतरेना म्हणून तिला दुसऱ्या खोलीत ठेवलेले. मी नेहमीप्रमाणे बापाचे काम करीत होतो, म्हणजे औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत होतो. दुसऱ्या दिवशी एका परिचारिकेने मला आत बोलावले आणि म्हणाली, "सर, शर्ट काढा." मी गोंधळलो. मुलाला छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभे धरावयाचे व वरून पांघरूण घ्यावयाचे, असे तिने समजाविले. आईला जमेपर्यंत हे तुम्हीच करावयाचे, दिवसातून जितके तास होईल तितके. पहिला तास मी श्वास रोखूनच बसलो असेन. त्या एवढ्याशा जिवाचे काळीज माझ्या काळजावर चिमणीसारखे फडफडत होते. तिसऱ्या दिवशी ती माझ्या छातीवर झोपली आणि मला जेवावयास उठवेना.

या पद्धतीचा जन्म कोणा श्रीमंत देशात झालेला नाही. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात काचपेट्या अपुऱ्या होत्या, एकेका पेटीत दोन-दोन अर्भके ठेवावी लागत व संसर्गाने ती दगावत. तेव्हा त्यांनी ती आयांच्या छातीशी बांधावयास सांगितले. कांगारूच्या पिलासारखी. ऊब टिकते, श्वास व नाडी स्थिर राहते, दूध लवकर सुरू होते, संसर्ग घटतो, हे पुढे जगभर तपासले गेले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या अर्भकांसाठी जन्मानंतर लगेचच ही पद्धत सुरू करण्याची शिफारस केली. दूध अर्थातच आईचे. पण ऊब द्यावयास बापाची छातीही चालते. पद्धतीचे नाव मात्र जगभर ‘कांगारू मदर केअर’ असेच आहे. माझ्या केसपेपरवरही तेच लिहिलेले होते.

मुलगी सोळाव्या दिवशी घरी आली. त्या सोळा दिवसांची रजा कशी मिळाली, हे कारकून बांधवांना सांगितल्यावाचून राहवत नाही. अर्जात ‘रजेचे कारण’ या रकान्यात मी ‘नवजात मुलीचे संगोपन’ असे लिहिले. ज्यांच्याकडे तो अर्ज गेला ते गृहस्थ माझे स्नेही. त्यांनी चष्मा वर केला, अर्ज परत दिला व म्हणाले, "सर, ‘घरगुती अडचण’ लिहा. हे बरं दिसत नाही." मुलगी ही अडचण असे लिहून मी रजा घेतली. आपल्या जुन्या शास्त्राने मूल जन्मताच बापालाही दहा दिवसांची सोयर सांगितली आहे. देव शिवावयाचा नाही, शुभकार्यास जावयाचे नाही. निदान घरी राहण्यास त्याला धर्माचे कारण तरी होते. आता सोयर पाळणारे थोडे, आणि सोयरीच्या रकान्यात घालण्यास दुसरे कारण सापडत नाही.

सापडत नाही असे सरसकट म्हणणे अर्थात खरे नव्हे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास दोन अपत्यांपर्यंत पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. पाचव्या वेतन आयोगानंतर, १९९७ पासून ती मिळते. म्हणजे आमच्या गल्लीतील पोस्टाच्या कारकुनाला ती आहे. गंजातील हमालाला, वर्कशॉपातील फिटरला, खासगी शिकवणीवर्गात दिवसाचे बारा तास भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या तरुणाला देशातील कोणताही कायदा ती देत नाही. आणि या बाबतीत कायदा करण्याचा एक ठळक प्रयत्न झाला, तो दिल्ली-मुंबईच्या कोणी केला नव्हता. नांदेड जिल्ह्यातील हदगाव व किनवट हे भाग ज्या मतदारसंघात येतात, त्या हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली पितृत्व लाभाचे खासगी विधेयक आणले. असंघटित क्षेत्रातील कामगारांसह सर्व बापांना पंधरा दिवसांची रजा, आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढविण्याची सोय, असा त्याचा गाभा होता. खासगी विधेयकाचे आपल्याकडे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. सोळाव्या लोकसभेबरोबर २०१९ मध्ये तेही व्यपगत झाले. सातव मे २०२१ मध्ये कोरोनाने गेले, अवघ्या ४६व्या वर्षी. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तीत प्रसूतीचे लाभ आले, बापाचे नाव आले नाही.

त्याच २०१७ साली आईची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली होती. ती जावयासच हवी होती. परंतु तिचा संपूर्ण पगार मालकाने द्यावयाचा, सरकारने नव्हे. साहजिकच दोन उमेदवार समोर बसले की खासगी आस्थापनेचा चालक मुलीकडे पाहून मनात २६ आठवडे मोजतो आणि मुलाकडे पाहून शून्य. बापाच्या रजेचा प्रश्न हा बापाच्या लाडाचा प्रश्न आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्या पदवीधर मुलीच्या मुलाखतीला एकदा बाहेर बसून पाहावे. मोजणी दोन्हीकडे होऊ लागेल, तेव्हाच तो चालक मुलीकडे केवळ गुणपत्रिकेवरून पाहील.

नुसती रजा देऊन भागत नाही, हेही खरे. स्वीडनने १९७४ सालीच प्रसूती रजेच्या जागी आई-बाप दोघांची रजा आणली. बापांनी ती बहुतांशी आयांच्या नावे करून दिली. अखेर १९९५ मध्ये एक महिना बापासाठी राखून ठेवावा लागला : घ्या, नाही तर बुडवा. आज तेथे ४८० दिवसांपैकी प्रत्येकी ९० दिवस असे राखीव आहेत. हे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा पत्नी म्हणाली, "इथं दिली तर तुम्ही सगळे सोयाबीन काढायला जाल." आमच्या स्टाफरूममधील मंडळींचा विचार करता ही शंका निराधार म्हणता येत नाही.

गाडी वाटेतील एका स्थानकावर पंधरा मिनिटे थांबली. मुलीने नेमकी हीच वेळ साधली. लंगोट बदलणे भाग होते. स्थानकात हिरकणी कक्ष होता, दारावर बाळाला घेतलेल्या आईचे चित्र होते. मी दाराशी उभा राहिलो. आतून एक बाई बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिले व म्हणाल्या, "बायकांचं हाय ते." त्यांचे म्हणणे शंभर टक्के योग्य होते. अंगावर पाजणाऱ्या आयांना आडोसा हवा, आणि तेथे कोणी पुरुष शिरू नये, याविषयी दुमत नाही. मग पुरुषांच्या प्रसाधनगृहाकडे गेलो. तेथील अवस्थेचे वर्णन या स्तंभात करणे उचित नाही. मूल निजवावे अशी हातभर कोरडी फळी त्या साऱ्या वास्तूत नव्हती. शेवटी बाकड्यावर वर्तमानपत्र पसरले. पंधरा-वीस मंडळी गोलाकार उभी राहून बाप्या माणूस लंगोट कसा बांधतो ते पाहू लागली. एका मावशींना ते पाहवेना. "द्या हिकडं, बाप्याला काय कळतंय लेकराचं!" असे म्हणून त्यांनी लंगोट हिसकावून घेतला. मी आठ महिन्यांत लंगोट बांधण्यात तरबेज झालो होतो, पण त्या वेळी वाद घालणे इष्ट नव्हते.

हिरकणीची कथा आपण सर्वांनी शाळेत शिकली आणि शिकविली. रायगडाचे दरवाजे मिटले, तान्हे मूल घरी, आई रात्री कडा उतरून गेली. त्या रात्री त्या मुलाचा बाप कोठे होता, हे विचारणारा विद्यार्थी माझ्या नोकरीच्या काळात एकही निघाला नाही, आणि मलाही तो प्रश्न त्या बाकड्यापाशीच सुचला. मागणी लहान आहे. स्थानकात एक फळी, एक नळ, एक आडोसा, आणि त्यावर कोणाही मूल घेतलेल्या माणसाला चालेल अशी पाटी. हिरकणी कक्ष आहे तसाच राहू द्यावा.

अहमदपूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला दोन ट्रॅक्टर उभे होते. हंगाम संपवून परतणाऱ्या ऊसतोड कामगारांचे. वर चुलीची लाकडे, पत्रे, कोंबड्या, आणि त्या साऱ्यावर माणसे. खाली सावलीत एक तरुण मांडी घालून बसला होता, मांडीवर तान्हे मूल, व तो त्याला पाण्यात बुडविलेली भाकरी भरवीत होता. त्याला कोणी काही विचारीत नव्हते. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. उचल जोडीची, हिशेब जोडीचा. एक आजारी पडला तर खाडा दोघांचा. फडात पाचट गोळा करणारी आई आणि मोळ्या वाहणारा बाप यांच्यामध्ये लुगड्याच्या झोळीत मूल असते, आणि ज्याचा हात मोकळा तो झोका देतो. तेथे बापाच्या पौरुषाचा प्रश्न कोणी काढीत नाही, कारण तो काढण्यास सवड नाही. पितृत्व रजेची चर्चा आपण पगारदार माणसे करतो, तेव्हा हा बाप तीत कोठे बसतो, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. सातवांच्या विधेयकात निदान त्याची आठवण होती.

लोहा, सोनखेड मागे पडले आणि विष्णुपुरी आली. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात होते. त्या वेळी मी बाप झालो नव्हतो. वर्तमानपत्र वाचले, हळहळलो, पान उलटले. आता त्या वास्तूवरून गाडी गेली की नजर आपोआप दुसरीकडे वळते. नवजातांच्या कक्षाबाहेर बाप काय करतो, हे मला ठाऊक झाले आहे. तो उभा असतो. आतून चिठ्ठी आली की धावतो, परत येतो आणि पुन्हा उभा राहतो.

घरी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. आईने मुलीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अण्णांच्या खाटेशेजारी मी तिला बसविले, आणि तिने प्रथम त्यांचा चष्मा ओढला. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुला मी घेत होतो. एकदा. तात्या माळेगावच्या जत्रेला गेले होते."

"किती वेळ?" मी विचारले.

"जत्रा उठेपर्यंत. चार दिवस."

इतक्यात मुलीने अंथरूण ओले केले. आई लगबगीने दुपटे घेऊन आली. अण्णांनी हात आडवा केला. "तू राहू दे," ते म्हणाले, "त्याला येतं." मी पिशवीतून कोरडा लंगोट काढला.